दसरा पास

आमच्या घरात नवी पक्कड किंवा नवा पाना आला की बायको आधी लिंबू कापते. मागे आमच्या नव्या सुनेनं स्क्रू ड्रायव्हरचा एक सेट मागवला. कुरिअरवाला देऊन गेला, आणि थोड्या वेळानं सासूबाई त्या सेटवर दही ओतताहेत हे बघून ती भोपाळला आईला फोन लावायला गच्चीवर गेली. तिचा काय दोष? तिला कुणी मंदाकाकी महाजन सांगितल्याच नव्हत्या. सांगायच्या राहून गेल्या, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

मंदाकाकी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहायच्या. काकी आता नाहीत. त्यांची आठवण आली की मी आधी हसतो आणि मग मला वाईट वाटतं. हा क्रमही त्यांनीच लावून दिलेला आहे, मला उलटा जमत नाही.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भास्करकाकांचं गॅरेज होतं. मोटरसायकली, स्कूटर आणि शेतावरचे पंप, तिन्ही तिथं दुरुस्त व्हायचे. भास्करकाका म्हणजे काकींचे यजमान. हाताला गुण होता, पण तोंडात नकार नव्हता. दुकानदारानं "घेऊन जा भास्करभाऊ, एकदम बढिया आहे" म्हटलं की ते घेऊन यायचे. दुकानदार खोटं कशाला बोलेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. अशा माणसाला बाजारात एकट्यानं सोडू नये, पण हे काकींना कळायला काकांचे दोन दात जावे लागले.

झालं असं की शाहपूरच्या एका केळीच्या बागेत पंपाचा नट अडकला होता. काकांनी नवाकोरा, आरशासारखा चकचकीत चौदा-पंधराचा पाना लावला आणि अंगाचा सगळा जोर दिला. नट जागचा हलला नाही. पान्याचं तोंड फाकलं, पाना निसटला आणि सरळ काकांच्या तोंडावर आला. काका घरी आले ते रुमालात समोरचे दोन दात आणि खिशात तो पाना घेऊन. काकींनी आधी पाना हातात घेतला, उजेडात धरून बघितला, आणि मग नवऱ्याला विचारलं, "दात तर गेले. हा कुठून आला?"

तो आला होता गोपाळसेठच्या दुकानातून. गोपाळसेठ आपल्यातलेच, मूळचे शाहपूरचे, घर सिंधीपुऱ्यात आणि हत्यारांचं मोठं दुकान बाजारात. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे चांगला मालही होता आणि वाईट मालही होता, फक्त कुणाला कुठला द्यायचा हे तो गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवायचा. भास्करकाकांचा चेहरा बघून काय ठरलं असेल ते सांगायला नको.

त्या दिवसापासून गॅरेजची सगळी खरेदी काकींकडे गेली. पहिल्या खेपेला मला बरोबर नेलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, मला पान्यातलं काय कळणार? तसं मी म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुम्हाले काही कळायची गरज नाही. तुम्ही फक्त सरसारखे उभे राहा. सर उभे असले की सेठ आवाज चढवत नाही." मग मी सरसारखा उभा राहायला शिकलो. पुढे कितीतरी वर्षं मी त्या दुकानात नुसता उभा राहिलो आहे, आणि नोकरीत केलं नसेल इतकं काम मी तिथं केलं.

काकी दुकानात शिरल्या की काउंटरवरचा पोऱ्या पंखा वाढवायचा, कारण सेठला घाम फुटायचा. काकी उंचीला बेताच्या, आवाजाला भरपूर. इतर बायका पदराच्या गाठीला पैसे बांधतात, काकींच्या गाठीला नटासकट एक बोल्ट असायचा. गाठ सोडायच्या, समोर ठेवलेला प्रत्येक पाना त्या नटावर चढवून बघायच्या. जरा जरी हलला तरी बाजूला. मग जो राहिला तो दोऱ्यानं बोटाला टांगायच्या, किल्लीनं वाजवायच्या आणि कान लावून ऐकायच्या. दुकानातली गिऱ्हाइकंही मग गप्प होऊन ऐकायची. एकदा तर सेठही कान पुढे करून ऐकत होता, स्वतःचाच माल.

"लाइफटाइम आहे भाभी, लाइफटाइम," सेठ म्हणायचा.

"कोणाचा लाइफटाइम, सेठ? माझा का पान्याचा?"

"भाभी, तुम्ही पण ना. टॉप का माल आहे. भरोसा ठेवा."

यावर काकींचं एक ठरलेलं उत्तर होतं. भास्करकाकांना मुद्दाम बरोबर आणलेलं असायचं. काकी त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणायच्या, "अवो, जरा तोंड उघडा." काका आज्ञाधारकपणे तोंड उघडायचे. समोरच्या दोन दातांची ती फट सगळ्या दुकानाला दिसायची. "करा बंद," काकी म्हणायच्या आणि सेठकडे बघायच्या. काकांनी नवे दात का बसवले नाहीत, याचं कारण आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुरावा बुजवतात का कुठं?

आणि मग तो प्रश्न यायचा. काकी आल्या त्या खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

"चांगला आहे ते नका सांगू. चांगलं सगळेच सांगतात. हा धोका कुठं देईल, ते सांगा."

काकींचं म्हणणं असं, की माणसानं केलेली प्रत्येक वस्तू कुठंतरी एका जागी धोका देतेच. पाना तोंडाशी फाकतो, पक्कड खिळ्याशी सैल होते, हातोडी दांड्यातून निघते. ज्याला ती जागा माहीत आहे आणि जो ती सांगतो, त्याच्याकडून घ्यावं. "कुठंच नाही देणार" असं जो म्हणतो त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. सेठ सुरुवातीला छातीठोकपणे "कुठंच नाही" म्हणायचा. मग हळूहळू नाइलाजानं खरं सांगायला लागला. "हा, तो जास्त ताकद लावली तर तोंडाशी..." असं तो पुटपुटायचा, तेव्हा त्याला एखादा दात स्वतःचाच उपटल्यासारखं दुखत असावं.

हा प्रश्न फक्त हत्यारांपुरता नव्हता. दूधवाल्याला, डॉक्टरला, पंखा विकायला आलेल्या पोराला, सगळ्यांना तो विचारला जायचा. रेणूला, म्हणजे काकींच्या एकुलत्या एक मुलीला, आमच्या शाळेत घालायचं होतं तेव्हा मलाही विचारला. "सर, तुमची शाळा धोका कुठं देते?" मी गडबडीत खरं बोलून गेलो, "गणितात." काकींनी रेणूला शाळेत घातलं आणि पहिल्या दिवसापासून गणिताची शिकवणीही लावली. आमच्या मुख्याध्यापकांना हे अजून माहीत नाही.

पण हे सगळं वर्षभराचं झालं. काकींची खरी परीक्षा दसऱ्याला असायची.

दसऱ्याला हत्यारांची पूजा सगळेच करतात. गॅरेजवाले पाने धुतात, मांडतात, हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. काकींनी यातलं काहीच बदललं नाही, फक्त भक्ती वाढवली. दसऱ्याच्या आधी त्या नवी हत्यारं घेऊन यायच्या, आणि पूजेत देवाला घालतात तसं त्यांना पंचामृताचं स्नान घालायच्या. दही जरा आंबटच लागायचं. मग वरून लिंबू पिळायच्या, दृष्ट लागू नये म्हणून मीठ-मोहरी ओवाळून त्यांच्यावरच टाकायच्या, आणि हळदकुंकवाचा ओला लेप देऊन रात्रभर तसंच ठेवायच्या. सकाळी पुसलं की खऱ्या मुलाम्याचा पाना हसत बाहेर यायचा, आणि खोट्या मुलाम्याच्या अंगावर तांबडे डाग फुटलेले असायचे.

साध्या काळ्या लोखंडाच्या हातोडीला गंज आला तर काकी रागवायच्या नाहीत. "ते लोखंडच आहे बिचारं, त्यानं कधी सांगितलं मी चांदी आहे म्हणून? मले राग येतो तो चमकणाऱ्याचा." वरचं जर खोटं असेल तर आतलं तरी खरं कशाला असेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि काकांचे दात त्या हिशेबाच्या बाजूनं होते.

मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकी नापास झालेले पाने ताटात घालून, वर झेंडू, हळदकुंकू, दह्याचे थेंब, सगळं जसंच्या तसं ठेवून गोपाळसेठच्या दुकानात जायच्या. सेठच्या डोक्यावर पाटी होती, बिका हुआ माल वापस नहीं होगा. पहिल्या वर्षी सेठनं त्या पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली," काकी म्हणाल्या. "पण हा माल नाही सेठ. हा प्रसाद आहे. दसऱ्याचा प्रसाद दारातून परत पाठवता?"

दुकानात गर्दी. कुणीतरी मागून नमस्कारसुद्धा केला. सेठनं ताटाला हात लावून कपाळाला लावला आणि सगळे पाने बदलून दिले. ह्या गोष्टीला तोड नव्हती. पूजलेली वस्तू भिरकावता येत नाही, गिऱ्हाइकासमोर नाकारता येत नाही, आणि कुंकवानं माखलेली परत विकताही येत नाही.

पुढे पुढे आळीतले सगळेच आपापली नवी हत्यारं काकींच्या अंगणात आणून ठेवायला लागले. शाहपूरचे शेतकरी पंपाचे पाने आणायचे, यंत्रमागवाले मागाच्या किल्ल्या आणायचे, बायको आमची सांडशी ठेवून यायची. बाजारात एक शब्दच रूढ झाला. दुकानदार छाती पुढे काढून सांगायचे, "लेके जाओ, दसरा पास है."

सेठनंही हातपाय हलवले. एका वर्षी त्यानं काकींना दिलेल्या सगळ्या पान्यांना आधीच कसलंतरी पारदर्शक वार्निश चोपडून ठेवलं. काकींनी पाना नखानं खरवडला, हुंगला, आणि म्हणाल्या, "देवाला आधी उटणं लावतात." मग पंचामृताआधी प्रत्येक पाना चुलीच्या राखेनं घासून निघाला. दुसऱ्या वर्षी सेठनं एका भटजींना मध्ये घातलं. भटजींनी येऊन सांगितलं की शास्त्रात हत्यारांना दही सांगितलेलं नाही. काकींनी त्यांना पाटावर बसवलं, साखर घालून दही दिलं आणि विचारलं, "महाराज, तुमची सायकल आहे ना? तिचे नवे पायडल कुठून घेतले?" भटजी दही संपवून गेले आणि संध्याकाळी पायडल घेऊन आले, अंगणात ठेवायला.

नंतर मोबाइल आले, ऑनलाइन खरेदी आली. सेठला वाटलं आपण सुटलो. काकींनी रेणूकडून गोटीपान्यांचा, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्यांचा, एक सेट मागवून घेतला आणि त्याचाही दसरा केला. तो नापास झाला. परत पाठवताना कारण विचारतात, तिथं रेणूनं काकींच्या तोंडून ऐकलेलं शब्दशः लिहिलं, "पूजा में पास नहीं हुआ," आणि सोबत झेंडूसकट फोटो टाकला. पैसे परत आले. त्यांच्या त्या ऑफिसात कुणीतरी हात जोडले असणार, असं काकी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

आणि मग रेणूचं लग्न ठरायची वेळ आली, आणि स्थळ आलं ते गोपाळसेठच्या मुलाचं.

निखिल आणि रेणू कॉलेजात एका वर्गात होते. दोघांना एकमेकं आवडत होती हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त दोन्ही घरांना माहीत नसल्यासारखं वागायचं असं ठरलं होतं. सेठनं स्वतःहून निरोप पाठवला तेव्हा बाजार हसला. एकदा विहीण झाली की कुंकवाचं ताट बंद, असा सेठचा डाव आहे, असं लोक उघड बोलायला लागले. लोक वाईट असतात, पण नेहमी चुकीचे नसतात.

नवरात्रात मंडळी बघायला आली. मावा जिलेबी झाली, चहा झाला, सेठनं मुलाचं कौतुक सुरू केलं. मुलगा हुशार, मुलगा निर्व्यसनी, मुलगा दुकान सांभाळतो. काकी ऐकत होत्या. मी कोपऱ्यात सरसारखा बसलो होतो. रेणू दारामागे उभी होती, आणि पुढे काय होणार हे तिला कळलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

"चांगला आहे ते नका सांगू, सेठ," काकी म्हणाल्या. "निखिल, तूच सांग बाबा. तू धोका कुठं देतो?"

सेठ जिलेबी हातात धरून थांबला. निखिलनं बापाकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "काकी, पप्पांसमोर. तिथं माझा आवाजच धोका देतो. मनात असतं, निकलता नहीं."

सेठ हसण्यावारी नेऊ बघत होता, ते जमलं नाही. काकींनी आणखी दोन जिलेब्या निखिलच्या ताटलीत वाढल्या. रात्री त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरगा खरा आहे. पण माझी पोरगी त्या घरात जाणार. तिच्यावर काही आलं आणि हा बापासमोर गप्प बसला, तर मी कुठं ताट घेऊन जाऊ?" होकार नाही, नकार नाही, दसऱ्यानंतर सांगते, एवढाच निरोप गेला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सेठकडून शगुन आला. मिठाई, साडी, आणि भास्करकाकांसाठी निळ्या मखमलीच्या पेटीत पान्यांचा पूर्ण सेट. पेटी उघडली तर आख्ख्या खोलीत चमक पडली. काका तर हरखूनच गेले. अंगणात पूजेची मांडणी चालली होती, अर्धी आळी जमली होती, आणि सगळ्यांचे डोळे त्या पेटीवर. काकी ती रांगेत ठेवतात की कपाटात, एवढाच प्रश्न होता.

"आई, या टाइमला पंचामृत नको ना गं," रेणू कळवळून म्हणाली. "शगुन आहे तो. प्लीज. मेरी जिंदगी का सवाल आहे."

"म्हणून तर," काकी म्हणाल्या.

"रेणूच्या आई," फटीतून शीळ घालत काका म्हणाले, "पाने दुसरे घेता येतात. पोरीले आवडलेलं घर कुठून दुसरं आणू?"

काकींनी उत्तर दिलं नाही. पेटीतला एकेक पाना काढून रांगेत मांडला. दही ओतताना त्यांचा हात थांबला होता हे मी बघितलं. पण मग त्यांनी लिंबूही पिळलं आणि मीठही टाकलं. संध्याकाळी सेठ सोनं द्यायला आला. आपट्याची पानं पुढे करता करता त्याची नजर अंगणाकडे गेली, दह्यात बसलेला आपला सेट त्यानं ओळखला, आणि सोनं काकींच्या हातात पडायच्या ऐवजी खाली पडलं.

सकाळी सेटच्या निम्म्याहून जास्त पान्यांवर तांबडे डाग होते.

रेणू रडली नाही. ती गच्चीवर जाऊन बसली, ते जास्त वाईट होतं. काकींनी पाने पुसले नाहीत, ताट भरलं, आणि माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "चला सर, उभे राहायचं आहे." एरवी मला त्यांची भीती वाटायची, पण त्या दिवशी मला त्यांच्यासाठी भीती वाटत होती.

दुकानात गर्दी होती. ताट बघून सेठ उठून उभा राहिला.

"भाभी, हे काय? हे तर शगुनाचं होतं. हे मी विकलंच नाही, तर वापस काय करून राहिले?"

"वापस नाही आणलं. दाखवायले आणलं," काकी म्हणाल्या आणि काउंटरच्या टोकाला उभ्या असलेल्या निखिलकडे वळल्या. "हा सेट कुठला रे, निखिल?"

निखिल हातात स्क्रूचं पाकीट घेऊन उभा होता. सेठ घाईनं म्हणाला, "निखिल, जा, गोदामातून ते खोके घेऊन ये."

निखिल गोदामाकडे दोन पावलं गेला. काकींनी मान खाली घातली. मी इतकी वर्षं त्या दुकानात उभा होतो, पण मला पहिल्यांदा बसावंसं वाटलं. तेवढ्यात निखिल मागे फिरला.

"खोके नंतर, पप्पा." आवाज कापत होता, पण बंद पडला नाही. "काकी, हा खालच्या फळीचा माल आहे. मी वरच्या फळीचा काढून ठेवला होता, एक नंबर. पप्पांनी पॅक करताना बदलला. मी बघितलं होतं. मले त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं."

मग एका शेतकऱ्यानं आपल्या पिशवीतला नुकताच घेतलेला पाना बाहेर काढला आणि भोळेपणानं विचारलं, "सेठ, मेरा कौनसी फळी का है?"

आधी एक जण हसला, मग सगळे. सेठचं तोंड लाल झालं. तो मुलाकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि त्या बघण्यात राग होता हे खरं, पण थोडं वेगळंही काही होतं. आपल्या दुकानात असा एक माल आहे हे त्याला ठाऊकच नसावं.

काकींनी ताट काउंटरवर ठेवलं. "सेठ, पोरगा दसरा पास आहे. तारीख बघा."

"आणि मी?" सेठ चिडून म्हणाला.

"तुमचं पुढच्या दसऱ्याले बघू."

तुळशीचं लग्न झालं आणि लागलीच रेणूचं झालं. लग्नाआधी भास्करकाकांनी दात बसवून घेतले. आता गरज नाही, असं म्हणून काकींनीच परवानगी दिली. फोटोत काका सगळ्यांत जास्त हसताना दिसतात.

रुखवतात शेव-लाडवांच्या बरोबरीनं काकींनी लाल कापडावर पान्यांचा एक सेट मांडला होता. सासूकडून जावयाला. हत्यारांच्या दुकानदाराच्या घरी हत्यारं देणारी विहीण बुऱ्हाणपुरानं आधी पाहिली नव्हती. पंगती चालू असताना मी सहज तिकडे गेलो तर रुखवताच्या मागे गोपाळसेठ एकटाच उभा होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं, उपरण्याच्या आडून पंगतीतली लिंबाची फोड काढली, एका पान्यावर चांगली दाबून पिळली आणि कशाशीच संबंध नसल्यासारखा पंख्याकडे बघत निघून गेला. पुढे दुपारभर तो दोनतीनदा तिकडून फिरून गेला. पाना लखलखीत होता. सेठ नाराज दिसत होता.

निघायची वेळ झाली. काकींनी रेणूची ओटी भरली, आणि मग स्वतःच्या पदराची गाठ सोडून त्यातलं काहीतरी रेणूच्या शेल्याच्या टोकाला बांधलं. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या, तोळ्याचं तरी असेल म्हणून. वजन तेवढं होतंच. रेणूनं गाठ चाचपली, आतल्या नटाचे कोपरे बोटांना लागले, आणि ती आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. काकी कोरड्या उभ्या होत्या, सकाळपासून तशाच होत्या.

तेव्हा सेठ पुढे आला. इतक्या वर्षांचा सूड घ्यायची ही एकच संधी होती, आणि त्यानं ती सोडली नाही.

"विहीणबाई, मुलगी चांगली आहे ते नका सांगू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "धोका कुठं देईल, ते सांगा."

मांडव हसला. सगळे काकींच्या उत्तराची वाट बघायला लागले, कारण उत्तर येणारच होतं. काकींनी रेणूकडे बघितलं. तोंड उघडलं. गाठ सुटलेला तो मोकळा पदर त्यांनी डोळ्यांना लावला, आणि मी काकींना रडताना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

"ती नाही देत धोका, सेठ," काकी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी दिला. सकाळपासून किती पक्कं सांगून ठेवलं होतं त्यांना."

सेठचं हसू विरलं. त्यानं हात जोडले. निखिल रेणूला घेऊन गाडीकडे निघाला. काकींनी नाक ओढलं, पदर खांद्यावर टाकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"आणि व्याही, जाताना रुखवतातला तो चौदा-पंधरा पुसून घ्या. लिंबाची बी तशीच आहे त्याच्यावर."